बियांची पूड, वन्संची गाठ

३ मार्च

सुरी सटकली. डाव्या अंगठ्याला लागलं — फार नाही, चिंधी बांधली. माझीच चूक. ॲव्होकॅडोची बी ओली आहे तोवर चिरून घ्यायची, एकदा वाळली की तिचा दगड होतो. कालच्या बिया मी तशाच खिडकीत ठेवल्या आणि आज सकाळभर त्यांच्याशी कुस्ती.

पुढच्या खोलीत मशीन थांबवून वन्सं म्हणाल्या, "वहिनी, माझं औषध करता करता तूच दवाखान्यात जायचीस." आणि हसल्या. दवाखाना हा शब्द त्यांनी आपणहून तोंडातून काढला, चेष्टेत का होईना! म्हणून मलाही हसू आलं.

फोडी चिरताना पांढऱ्या दिसतात. वारा लागला की बघता बघता नारिंगी, मग विटकरी. बोटं, नखं, सुरी, ताट — सगळं रंगतं. साबणाला दाद देत नाही.

५ मार्च

लिहून ठेवावं, म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल.

वन्संना गाठ आहे. डाव्या स्तनात, काखेच्या बाजूला. अंघोळ करताना हाताला लागली. बरेच दिवस कुणाला बोलल्या नाहीत. मग मला सांगितलं, तेही गिऱ्हाइकाचं माप सांगावं तसं, तोंडात टाचण्या धरून. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबतात. म्हणाल्या, वेळेवर आलात, काढून टाकू, तुम्ही बऱ्या व्हायची आशा चांगली आहे; फक्त लांबवू नका, महिन्याच्या आत या.

वन्संनी मान डोलावली. पायऱ्या उतरून रस्त्यावर आलो तेव्हा म्हणाल्या, "कापणं हे माझं काम. मला कुणी कापायचं नाही."

कोपऱ्यापर्यंत चालत आलो. मग म्हणाल्या, "बाळ आत चालत गेला होता."

बाळ म्हणजे हे. साठीला आलेला माणूस, केस पिकलेले, पण थोरल्या बहिणीला बाळच. ऑपरेशननंतर हे गेले, त्याला या उन्हाळ्यात दोन वर्षं होतील. आता या घरात आम्ही दोघीच. पुढच्या खोलीत वन्संचं शिवणकाम, मागे चूल आणि दोन खाटा. तिसरी खाट आम्ही उभी करून भिंतीला टेकवली आहे. काढून टाकायचं दोघींच्याही तोंडातून निघत नाही.

६ मार्च

वन्संनी बियांची पूड पाण्यातून घेतली. तोंड वाकडं केलं. म्हणाल्या, "एवढी कडू आहे, म्हणजे काम करत असणार."

९ मार्च

बिया आणायला गेले. कोपऱ्यावरचा ज्यूसवाला — जाडजूड माणूस, गळ्यात कायम ओला टॉवेल. गर मिक्सरमध्ये, बी बादलीत, हे त्याचं दिवसभर चालू. पूर्वी बादली कचऱ्यात रिकामी व्हायची, आता माझी पिशवी वेगळी ठेवतो. म्हणतो, "गर गिऱ्हाईक नेतं, बी तुम्ही नेता. आता सालीसाठी कोण येतंय त्याची वाट बघतोय."

मग कशाला हव्या ते विचारलं. घरात एक जण आजारी आहे म्हटलं. त्यावर तो म्हणाला की त्याच्या मेहुण्याच्या साडूनेही असंच काहीतरी बियांचं घेतलं होतं. मी विचारलं, गुण आला का? म्हणाला, कुणास ठाऊक, त्या लोकांचं आमचं बोलणं नाही.

घरी येईपर्यंत मला त्याचं हसू येत होतं आणि रडूही.

१२ मार्च

हे सगळं सुरू कसं झालं ते लिहायचं राहिलंच.

मी शाळेत गेले ती चौथीपर्यंत. पुढचं शिक्षण वाण्याच्या पुड्यांवर. पुडी सोडायची, माल डब्यात, कागद माझा. लग्नानंतर ह्यांनी वाचनालयाचं कार्ड करून दिलं आणि मी सुटले! जे हाताला लागेल ते. समजलं तर समजलं.

वन्संना वाचता येतं, पण हात मोकळे कुठे असतात? म्हणून त्या मशीनवर बसल्या की मी खाली पाट घेऊन बसते, काजं करते, बटणं लावते, आणि मध्ये मध्ये पेपर वाचून दाखवते. वर्षानुवर्षांचा शिरस्ता. मशीनच्या आवाजावरून मला कळतं, ऐकतायत की कंटाळल्यात. आवडलं की पाय हळू पडतो. कंटाळल्या की मशीन भरधाव. मशीन पळायला लागलं की मी उडी मारते. 'मात्र', 'परंतु', 'तज्ज्ञांच्या मते अजून' असलं काही आलं की वन्संचा पाय जोरात पडणार हे ठरलेलं, म्हणून हल्ली मी पायाची वाटही बघत नाही. आधीच उडी मारते.

त्या दिवशी शेवटच्या पानावर ॲव्होकॅडोच्या बीबद्दल होतं. लोक गर खातात आणि बी फेकतात, पण बीत गुणकारी द्रव्यं ठासून भरलेली आहेत. गरापेक्षाही जास्त. वरच्या पातळ तपकिरी सालीतसुद्धा. प्रयोगशाळेत त्या द्रव्यांनी कॅन्सरच्या पेशींची वाढ थांबली.

मशीन हळू झालं. मग थांबलंच.

"परत वाच," वन्सं म्हणाल्या. मी परत वाचलं. त्यांनी कातरी घेऊन तेवढा मजकूर कापला, चौकोन सरळ, जसा खिसा कापतात, आणि मशीनच्या खणात बॉबिनांशेजारी ठेवून दिला.

दवाखान्यातून आल्यापासून त्यांचा चेहरा मिटल्यासारखा झाला होता. त्या दुपारी तो उघडला. मला दुसरं काही दिसलंच नाही.

१४ मार्च

वकिलाच्या पांढऱ्या शर्टावर माझ्या बोटांचा नारिंगी ठसा! धुतला, घासला, उन्हात टाकला. जात नाही. मी रडकुंडीला आले. वन्संनी शर्ट उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाल्या, "सांगू त्याला. बाहेरून डाग आहे, आतून औषधी आहे." शेवटी त्यावर खिसा बसवला. वकील खूश, म्हणाला, मला खिसा हवाच होता.

अशा वेळी वाटतं सगळं ठीक आहे.

१६ मार्च

आज ह्यांच्या आठवणीने कामच सुचेना. कारण काहीच नाही. कपाटातून पिशवी काढताना त्यांचा चष्म्याचा डबा पडला, एवढंच.

वन्संना वाटतं, हे चालत गेले आणि दवाखान्याने मारले. दोन वर्षं त्या असंच म्हणतायत, गिऱ्हाइकांना, शेजारणींना, मला. मी गप्प बसते. खरं असं की ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं होतं — पोटात सगळीकडे पसरलंय, ऑपरेशनने बरं व्हायचं नाही, फक्त अडकलेलं मोकळं होईल, उरलेले दिवस जरा सुखाचे जातील. तेही झालं नाही, ती गोष्ट वेगळी. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "ताईला सांगू नकोस. तिने मला न्हाऊमाखू घातलंय. तिला वाटू दे, मी बरा व्हायला चाललोय."

मी हो म्हटलं. त्यांच्या समोर हो म्हटलेलं, ते गेल्यावर मोडायचं कसं? कुणाला विचारून?

१८ मार्च

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. वन्संनी दाराला कडी लावली, पदर बाजूला केला, माझा हात धरून गाठीवर ठेवला. "बघ. लहान झालीय ना?"

मी आधी एकदाच हात लावला होता. तेव्हा सुपारीएवढी वाटली होती. आज... सुपारीएवढीच. किंवा थोडी मोठी. बोटांना काय कळतं! वन्सं माझ्या तोंडाकडे बघत होत्या. बाहीचं माप बरोबर आलंय का असं शिकाऊ पोर बघते तसं.

मी म्हटलं, "वाटतेय तशी."

त्या एवढ्या खूश झाल्या. म्हणाल्या, "उद्या तो कागद परत वाच. बरं वाटतं ऐकायला."

१९ मार्च

कागद वाचला. खणातून काढला, दोरे झटकले, सुरुवात केली. त्या 'वाढ थांबली'पर्यंत आले. वन्संचा पाय मशीनवर संथ पडत होता. आणि खाली, मी त्या दिवशी ज्यावरून उडी मारली होती, तो शेवटचा परिच्छेद. पहिलाच शब्द 'मात्र'.

मनातल्या मनात वाचला. मात्र हे सगळं काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर आणि उंदरांवर बघितलेलं आहे. बी खाल्ली तर ही द्रव्यं माणसाच्या रक्तात उतरतात का, किती उतरतात, माहीत नाही. किती घेतली तर अपाय होईल तेही माहीत नाही. उपचाराच्या जागी ती कुणीही घेऊ नये.

उपचाराच्या जागी.

"थांबलीस का?" वन्सं म्हणाल्या.

"एवढंच आहे," मी म्हटलं.

मी असं का म्हटलं? सवयीने. खरंच सवयीने. पण आता तो परिच्छेद मला पाठ आहे आणि त्यांना नाही.

२१ मार्च

वाचनालयात गेले. तिथल्या बाई मला ओळखतात. मी पुस्तकं वेळेवर आणते, पानं दुमडत नाही, म्हणून माझ्यावर लोभ आहे. विचारलं, बियांमधल्या द्रव्यांवर काही आहे का? त्यांनी एक जाड मासिक काढून दिलं, वर शब्दकोश दिला, आणि म्हणाल्या की आज लवकर बंद करायचं नाही, बसा निवांत.

दुपारभर बसले. निम्मं डोक्यावरून गेलं. उरलेलं असं.

द्रव्यं आहेत. खोटं नाही. पॉलिफिनॉल, फ्लॅव्होनॉइड, कॅटेचिन, प्रोसायनिडिन अशी नावं. कॅटेचिन तर चहातसुद्धा असतं, म्हणजे आम्ही ते जन्मभर पितोय. तोंड आवळून येतं, ती तुरट चव प्रोसायनिडिनची. आणि बी चिरल्यावर येतो तो नारिंगी रंग — बीतलं एक काहीतरी हवेला भेटतं आणि तिथल्या तिथे नवं द्रव्य तयार होतं. माझ्या नखांत रोज हे घडतंय!

झाड ही द्रव्यं स्वतःसाठी करतं. बीला कीड लागू नये, बुरशी येऊ नये, कुणी ती चावून खाऊ नये म्हणून. मला ते वाचून बरंही वाटलं आणि वाईटही. एवढं सुंदर काम. पण वन्संसाठी केलेलं नाही.

पुढे कधी कुणी त्यातून औषध काढेलही. शुद्ध करून, मोजून, माणसांवर तपासून. मासिकात तसंच लिहिलंय. पण खलबत्त्यात कुटून, अस्तराच्या कापडातून चाळून जे मी करते, त्याला औषध म्हणत नाहीत. बशीतली पेशी वेगळी आणि मशीनवर बसलेली बाई वेगळी.

निघताना बाईंनी विचारलं, सापडलं का हवं ते? मी म्हटलं, नको ते सापडलं.

२३ मार्च

आज सांगायचं ठरवलं होतं. नाही सांगितलं.

२४ मार्च

आजही पूड केली. आजही दिली. त्यांनी नाक दाबून घेतली आणि म्हणाल्या, "आता सवय झाली बाई." रिकामा पेला माझ्या हातात दिला. मी तो घासत बसले, घासला गेल्यावरही.

नाही सांगितलं तर महिना जाईल. सांगितलं तर चेहरा परत मिटेल. आणि सांगूनही त्या दवाखान्यात जाणार नाहीतच — मग मी त्यांच्याकडची आशाही काढून घेतली आणि दिलं काहीच नाही. असं सगळं डोक्यात.

ह्यांना विचारावंसं वाटलं. उभ्या खाटेकडे बघून विचारलंसुद्धा. वेडीच मी.

२५ मार्च

दवाखान्यातून फोन. नर्सबाई विचारत होत्या, तारीख घेणार का, डॉक्टरीणबाईंनी दोनदा आठवण काढली. वन्संनी हाताने खूण केली — नाही म्हण. मी फोनवर म्हटलं, कळवते.

फोन ठेवला. त्या परत मशीनवर बसल्या. मी खणातून कागद काढला. पाटावर नाही बसले, उभीच राहिले, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. त्यांना वाटलं, नेहमीसारखंच. पाय संथ पडत होता. 'वाढ थांबली' आलं. मी थांबले नाही. 'मात्र' म्हटलं आणि पुढे गेले. मशीन जोरात सुटलं. मी आवाज चढवला. मशीन आणखी जोरात. मी ओरडून वाचत होते, वन्सं शिवत होत्या, आणि शेवटच्या ओळीला सुई मोडली.

मोडलेली सुई त्यांनी शोधून काढली, कागदात गुंडाळली. नवी बसवली. दोरा ओवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे त्या दिवशी होतं यात?"

"होतं."

"मागच्या आठवड्यात वाचलंस तेव्हाही?"

"होतं."

"एवढी वर्षं तू मला अर्धंच वाचून दाखवतेस?"

काय सांगणार? तुमचा पाय जोरात पडायचा म्हणून? सांगितलं. ऐकायला किती पोरकट वाटलं.

२६ मार्च

बोलत नाहीत. जेवतात, शिवतात. बटणं माझ्यापुढे ठेवतात. पूड मी केली नाही, त्यांनी मागितली नाही. ज्यूसवाल्याने पिशवी पाठवली होती, ती दारात तशीच आहे.

२८ मार्च

आज बोलल्या. मी काजं करत होते. मशीन बंद होतं.

"बाळच्या वेळी काय गाळलंस?"

मी सुई कापडात खोचून ठेवली. मी ह्यांच्या कागदातलं काही गाळलं नव्हतं, मला कुणी कागद वाचायलाच सांगितला नव्हता. पण वन्संना हे असलं उत्तर नको होतं. त्या नेमकं तेच विचारत होत्या, जे मी त्यांना दिलं नव्हतं.

ह्यांची मनातल्या मनात माफी मागितली आणि सांगितलं सगळं. डॉक्टरांनी आम्हाला बसवून काय सांगितलं ते. बरं व्हायचं नाही हे ह्यांना आत जाण्याआधी माहीत होतं. 'ताईला सांगू नकोस', ते शब्द जसेच्या तसे.

त्यांनी मांडीवरचे दोरे वेचून काढले. मग म्हणाल्या, "आत जाताना दारातून वळून हसला, हात हलवला. ते?"

"ते तुमच्यासाठी."

"मी दवाखान्याला शिव्या दिल्या, दोन वर्षं."

"हो."

"तू ऐकून घेतल्यास."

"हो."

"कधी कधी तुलाही दिल्या. तू नेलंस म्हणून."

वन्सं उठल्या, मशीनवर कव्हर घातलं. दिवसाउजेडी मशीनवर कव्हर! हे गेले त्यानंतर आजच बघितलं. मागच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या. मी गेले नाही. त्यांचं रडणं त्यांचं आणि त्यांच्या बाळाचं. मला माझं होतंच.

३१ मार्च

सकाळी वन्सं घरात नाहीत. चपला नाहीत, छत्री नाही. शेजारी विचारलं, रस्ता बघितला, ज्यूसवाल्याला विचारलं. तो बिचारा दुकान सोडून बसथांब्यापर्यंत बघून आला, टॉवेल गळ्यातच.

दुपारी आल्या. पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "तारीख घेतली. पुढच्या मंगळवारची."

मी त्यांच्या हातातली छत्री घेतली.

"तू यायचंस. आणि तिथे जे जे दिसेल ते वाचायचं. सगळं. माझा पाय कितीही जोरात पडला तरी."

तिथे मशीन कुठे आहे, वन्सं!

३ एप्रिल

शिक्षा चालू आहे. आज पेपर पहिल्या अक्षरापासून. निविदा, हरवले-सापडले, उद्याचं तापमान, छपाई करणाऱ्याचं नाव आणि पत्ता. मध्ये घसा बसला. पाणी प्यायला उठले तर म्हणाल्या, "पाण्याच्या टाकीच्या जाहिरातीवर होतीस."

शेवटी त्याच हसल्या. "बाप रे, एवढं असतं होय रोज? बरं केलंस गाळलंस ते."

किती दिवसांनी!

७ एप्रिल

दवाखाना. हिरवा पडदा, पायाला थंड लागणारी फरशी, बाकावर आमच्यासारखे बरेच. वन्संनी बांगड्या काढून माझ्या हातात घातल्या. सैल होतात मला. सही करायच्या कागदावरची ओळ न् ओळ वाचायला लावली, नर्सबाई घड्याळ बघत होत्या तरी. त्यात वाईटसाईट सगळं लिहिलेलं असतं, काय काय होऊ शकतं ते. मी एक शब्द सोडला नाही. त्यांनी ऐकून सही केली.

दारातून वळून बघितलं. हसल्या नाहीत. हातही हलवला नाही. नुसतं बघितलं, आणि मला ते हसण्यापेक्षा बरं वाटलं.

८ एप्रिल

काल रात्री शुद्धीवर आल्या. पहिलं वाक्य — "टाके सरळ घातलेत का बघ."

१० एप्रिल

डॉक्टरीणबाईंना बाहेर गाठलं. बी, पूड, सगळं सांगितलं. वाटलं, रागावतील. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, बियांमध्ये अभ्यास करण्यासारखं बरंच आहे, तो करणारे लोक काही खुळे नाहीत. फक्त अभ्यास संपलेला नाही, आणि गाठ अभ्यास संपायची वाट बघत नाही. आधीच विचारलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच.

मी विचारलं, हे जे आठवडे गेले, त्यांनी फरक पडला का?

त्या म्हणाल्या, "खरं सांगू? पडला असं म्हणता येत नाही आणि नाही पडला असंही म्हणता येत नाही. काखेतल्या दोन-चार गाठीही काढल्या आहेत. तपासायला पाठवल्यात."

काखेत अशा गाठी असतात हे मला मासिकात वाचून माहीत होतं. आजार पसरायला लागला की आधी तिथे पोचतो, तेही.

१५ एप्रिल

घरी. डावा हात वर जात नाही. तरी मशीनचं कव्हर काढायला लावलं आणि खुर्ची ओढून नुसत्या बसल्या. मी मशीन चालवलं, त्यांनी उजव्या हाताने कापड धरलं. अशी बाही कधी कुणी शिवली नसेल! दोनदा उसवली.

"तुला शिवण कधी येणारच नाही," म्हणाल्या. "तू आपली वाच."

संध्याकाळी मी नखं बघितली. नारिंगी वाढून टोकाला गेलंय. पुढच्या वेळी कापलं की संपेल.

२४ एप्रिल

काखेतल्या गाठींचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई सोमवारी समजावून सांगणार आहेत, पण वन्संना तो आजच ऐकायचा होता. खिडकीशी बसल्या, मी समोर. नाव वाचलं, वय वाचलं, काय काय काढलं ते वाचलं. मग त्यांनी चांगला हात माझ्या मनगटावर ठेवला.

"थांब, वहिनी. आजच्यापुरतं एवढंच."

मी थांबले. कागदाची घडी घातली. माझी नजर केव्हाच शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन आली होती.